मॉलमधला बाकडा आणि आपला बाजार



आमच्या स्वाध्यायाच्या बायकांत पंधरा दिवसांपूर्वी एक वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. पुण्याला लेकाकडे दोन महिने राहून आलेल्या एकीनं सहज सांगितलं, की ती रोज संध्याकाळी हडपसरच्या अमनोरा मॉलमध्ये जाऊन बसायची. रोज जायची, आणि काही विकत घ्यायची नाही. त्यावर दुसरी लगेच म्हणाली, "मग हा अनर्थदंडच झाला की!" तिसरीचा नवरा दुकानदार. ती म्हणाली, "मॉलनं आपली दुकानं खाल्ली, आणि आपणच तिथं जाऊन बसायचं होय?"

मला दोघींचंही म्हणणं पूर्ण पटलं नाही. तिथल्या तिथं बोलले असते तर स्वाध्याय राहिला असता बाजूला, म्हणून इथं लिहिते आहे.

माझी धाकटी लेक हडपसरला असते. एसटीनं गेलं की टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पाटस, यवत, लोणी काळभोर, आणि मग हडपसर. सोलापूर रस्त्यानं जाणाऱ्याला पुणं पहिल्यांदा भेटतं ते हडपसरलाच. तिचं लग्न 2006 साली झालं तेव्हा मगरपट्टा सिटी उभी होती, अमनोरा नव्हता. तो मॉल 2011 साली सुरू झाला. पुढं रस्त्यापलीकडं मगरपट्ट्याचा सीझन्स मॉलही आला. म्हणजे ज्या भागाला आपल्या लहानपणी पुणेकर 'गावाबाहेर' म्हणायचे, तिथं आता कपडे घ्यायला लक्ष्मी रोडच्या बाजूची माणसं येतात.

अमनोरा इतर मॉलांसारखा एका डब्यात बंद केलेला नाही. पूर्वेकडचा एक भाग, पश्चिमेकडचा एक भाग, आणि मधे मोकळी जागा, वर आभाळ. कारंजं आहे, बसायला जागा आहे, पोरं पळत असतात. दुकानात शिरलात तर एसी, बाहेर आलात तर वारा. तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा मनात आलं, हा तर बाजारच आहे की. फरशी घातलेला, झाडलेला, चिखल नसलेला, पण आपला बाजारच.

आणि खरंच तसं आहे. गावाबाहेर मोकळ्या जागेत, गाड्या लावायला ऐसपैस जागा ठेवून, एका मालकानं आखलेला बाजार ही कल्पना अमेरिकेत शंभर वर्षांची आहे. कॅन्सस सिटीत 1923 साली कंट्री क्लब प्लाझा सुरू झाला, तो उघड्यावरचाच होता. पुढं व्हिक्टर ग्रुएन नावाचा एक वास्तुविशारद आला. हा मूळचा व्हिएन्नाचा, ज्यू. 1938 साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर जीव वाचवून अमेरिकेला गेलेला. तिथं त्याला रस्तोरस्ती फक्त मोटारी दिसल्या. माणसं चालत नाहीत, कुणी कुणाला भेटत नाही. त्याला आपल्या गावचा चौक आठवला असणार. त्यानं डेट्रॉईटजवळ नॉर्थलँड नावाचं केंद्र आखलं, ते 1954 साली उघडलं. मधे मोकळे चौक, बाग, पुतळे, बाकडी. दोन वर्षांनी मिनेसोटात साउथडेल आखलं, पण तिथं हिवाळा असा की माणूस गोठून जावा, म्हणून त्यावर छत घातलं. छत घातलेल्या मॉलांची रांग तिथून पुढं सगळ्या जगात लागली. नॉर्थलँडवरसुद्धा नंतर छत चढलं.

ग्रुएनच्या मनात दुकानांच्या भोवती घरं, शाळा, दवाखाना, टपाल कचेरी, वाचनालय असं सगळं होतं. बांधणाऱ्यांनी त्यातली दुकानं तेवढी उचलली आणि बाकीच्या जागेत गाड्या उभ्या केल्या. म्हातारपणी तो या सगळ्यावर इतका चिडला, की मॉलचं पितृत्वच नाकारलं आणि व्हिएन्नाला परत गेला. तर तिथंही शहराबाहेर एक भला मोठा मॉल उभा राहिला! आणखी एक गंमत आहे. माणूस मॉलमध्ये ठरवून एक वस्तू घ्यायला जातो आणि झगमगाटात आपण कशाला आलो तेच विसरतो, त्या क्षणाला तिकडं 'ग्रुएन ट्रान्सफर' म्हणतात. आपल्याकडं याला फार जुना शब्द आहे, प्रमाद.

आता माझ्या बी.कॉम.चा थोडा उपयोग करू द्या. पदवी शिवाजी विद्यापीठाची (तेव्हा सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या विद्यापीठाला जोडलेला होता), आणि नोकरी केली नसली तरी चाळीस वर्षं घरच्या दुकानाची वही मीच बघते आहे. अमेरिकेत मॉल इतके भराभर का वाढले, याचं उत्तर पुष्कळ जण 'लोकांना आवडले म्हणून' असं देतात. ते अर्धंच खरं. 1954 साली तिथल्या प्राप्तिकर कायद्यात घसाऱ्याचा नियम बदलला. आधी इमारतीचा घसारा साधारणपणे दरवर्षी सारखा टाकायचे, आपण शिकलो ती सरळ रेषा पद्धत. नव्या नियमानं पहिल्या वर्षांत जास्त घसारा टाकायला परवानगी मिळाली. परिणाम काय झाला? इमारत नवी, भाडं चालू, हातात पैसे येताहेत, पण वहीत तोटा. तो तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करायचा आणि कर वाचवायचा. काही वर्षांनी घसारा संपत आला की इमारत विकायची आणि दुसरी बांधायची.

आणि जमिनीवर घसारा मिळत नाही, हे तर तुम्हाला माहीत आहेच. मग शहाणा माणूस काय करणार? शहरातली महाग जागा घेऊन जुनी इमारत दुरुस्त करत बसणार नाही. गावाबाहेर स्वस्त रान घेणार आणि त्यावर महागडी इमारत चढवणार. जुन्या पेठा ओस पडल्या त्यात गिऱ्हाईकाच्या हौसेइतकाच या हिशेबाचा हात होता. म्हणून मॉलला नुसतं 'मोहाचं घर' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मोह दारातून आत जाणाऱ्याचा असतो, तसा बांधणाऱ्याचाही असतो, आणि बांधणाऱ्याचा फार शांत डोक्यानं केलेला असतो.

हडपसरला मात्र एक गोष्ट वेगळी घडली. ती आपल्या भागातल्या प्रत्येक जमीनवाल्या घरानं ऐकावी. मगरपट्ट्याची सुमारे चारशे एकर जमीन शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांची होती, बहुतेक मगर आडनावाची भावकी. शहर अंगावर येताना दिसत होतं. एकेकानं एकेक तुकडा बिल्डरला विकला असता, पैसे आले असते, गाडी आली असती, लग्नं दणक्यात झाली असती, आणि पुढच्या पिढीच्या हाती काही राहिलं नसतं. सतीश मगर यांच्या पुढाकारानं त्यांनी जमीन एकत्र केली, कंपनी काढली, आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर्स. शेतकरी विकून बाहेर पडला नाही, मालक म्हणून आत राहिला. घरच्या पोरांनी बांधकामातली कंत्राटं घेतली.

आता आपल्याकडं बघा. बार्शी-सोलापूर रस्त्याच्या कडेनं गुंठ्या-गुंठ्यानं जागा निघतात. एक भाऊ विकतो, मग दुसऱ्याला राहवत नाही. समोर गाळे चढतात, शटर लागतात, बोर्ड लागतात. गाळ्यांपुढं ना झाड, ना वळचण, ना गाडी लावायला जागा. हा मॉलही नाही आणि बाजारही नाही. नुसती भिंत आहे, तिला दारं पाडलेली.

माझ्या पुतण्यालाही रस्त्यावर गाळा हवा आहे. आमचं पेठेतलं दुकान त्याला जुनाट वाटतं. त्याला मी म्हटलं, बस, कागद घे. पेठेतली जागा आपली स्वतःची आहे, म्हणून भाडं शून्य असं तू धरतोस, पण ती दुसऱ्याला दिली तर जे भाडं येईल ते तुझ्या आजच्या नफ्यातून वजा कर. मग रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं, अनामतीवर बुडणारं व्याज, आणि जुनं गिऱ्हाईक तिथवर येईल का याचा अंदाज. तो म्हणाला, "काकू, मॉलमध्ये सगळे भाडंच भरतात, तरी चालतंच ना?" चालतं, पण कसं चालतं तेही बघायला हवं. तिथं ठरलेलं कमीत कमी भाडं असतं, वर विक्रीतला टक्का असतो, आणि झाडलोट, दिवे, पहारा यांचा सामायिक खर्च निराळा. म्हणजे दुकानदार भाडं फक्त चार भिंतींचं भरत नाही. कारंज्याचं, बाकड्याचं आणि स्वच्छ संडासाचंही भरतो. मालकाला दुकानाच्या विक्रीत टक्का असल्यामुळं बाई जास्त वेळ तिथं थांबावी यात त्याचा स्वार्थ असतो. रस्त्याकडेच्या गाळ्याचा मालक महिन्याचं भाडं घेऊन मोकळा. त्याच्या दारात बाई उन्हात उभी आहे की सावलीत, त्याला काय त्याचं?

इथं मी त्या बिचाऱ्या मैत्रिणीच्या 'अनर्थदंडा'कडं येते. प्रयोजन नसताना केलेली कृती म्हणजे अनर्थदंड, हे बरोबर. पण ती का जात होती ते कुणी विचारलं का? मी विचारलं. तिचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. लेकाच्या इमारतीखाली चालायला गेलं तर गाड्या मागं-पुढं. मॉलमध्ये सपाट जागा, दिवे, दर पन्नास पावलांवर बसायची सोय, आणि बाईमाणसासाठी स्वच्छ बाथरूम. "घरातून निघताना पाणी प्यायला भीती वाटत नाही गं," असं ती म्हणाली. हे वाक्य वाचून तुमच्यातली प्रत्येक जण मान हलवणार, मला माहीत आहे. बाजाराला किंवा लग्नाच्या खरेदीला निघायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी बाई आपल्या प्रत्येक घरात आहे. तेव्हा तिचं तिथं बसणं बिनकामाचं नव्हतं. शरीराला जे लागतं ते तिला गावात आणि शहरातही दुसरीकडं मिळत नव्हतं.

मॉल वाढण्याचं मला तर हेच मोठं कारण वाटतं. पुरुष म्हणतात ब्रँड, सवलती, एसी. बाईला विचारा. ती म्हणेल, बसता येतं, जाता येतं, आणि काही न घेता परत आलं तरी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. पेठेतल्या दुकानात चार साड्या उलगडायला लावून नको म्हटलं, तर दुकानदाराचा चेहरा बघावा! (आमचेही यांना अपवाद नाहीत. वाचतील तर वाचू देत.)

मोहाचं म्हणाल, तर त्याला आपल्या घरातच उपाय आहे. भोग म्हणजे एकदा वापरून संपणारं, उपभोग म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचं, आणि दोन्हींचं परिमाण आधीच ठरवायचं. आमच्या घरी चातुर्मास बसला की साड्या, चपला, भांडी यांचे आकडे वहीत लिहिले जातात. आकडा लिहिलेला असला की मॉल असो नाहीतर आठवडा बाजार, मन फार भटकत नाही. आणि सूर्यास्ताआधी जेवायला घरी यायचं असल्यानं फूड कोर्टाचा प्रश्नच येत नाही. माझी नात यावर म्हणते, "आजी, तू मॉलचं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक आहेस." म्हणू दे.

माझं दुखणं वेगळंच आहे. मॉल दिसतो मोकळा, पण ती जागा खासगी असते. मुंबईत हाजीअलीला 1999 साली क्रॉसरोड्स सुरू झाला तेव्हा सुरुवातीला गर्दी आवरायला दारातच माणसं निवडत होते. मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या. त्या काळात मोबाईल कुणाकडं होता? कंट्री क्लब प्लाझा ज्यानं बांधला त्या निकोल्सच्या वसाहतींत तर काळ्या लोकांना आणि ज्यूंना घर घेता येऊ नये अशी कलमं खरेदीखतातच घातलेली असत. आज आपल्याकडं दारात कुणी असं विचारत नाही, पण तपासणीच्या त्या कमानीतून पाटी डोक्यावर घेतलेली माळवंवाली आत जाईल का? विकायला तर नाहीच, बसायलाही ती धजणार नाही.

आपल्या बाजारात ती बसते. हेच बाजाराचं मोठेपण. पाल ठोकलं, पोतं अंथरलं, आणि मेथीच्या चार जुड्या, पावटा, शेंगा, घरची अंडी (आपण घेत नाही, ती घेणारे घेतात) मांडली की ती व्यापारी झाली. तिला अनामत लागत नाही. समोर गिऱ्हाईक म्हणून सरपंचाची बायको असो की ऊसतोडीची, भाव दोघींना तोच आणि घासाघीसही तीच.

पण ही बाई सकाळी सहाला गावाहून निघते आणि दिवस मावळल्यावर परत जाते. बारा तास. मी पाहिलेल्या बहुतेक आठवडा बाजारांत तिला जायला जागा नाही, असली तर तिथं पाय ठेववत नाही. सावली म्हणजे तिचं स्वतःचं फाटकं पाल. वैशाखात बघवत नाही. अहिंसेवर आपण तासतास बोलतो, पाणी गाळून पितो, मुंगीला वाट देतो. दुकानापुढं बसलेली बाई दिवसभर तशीच बसून राहते, हे मात्र आपल्या डोळ्यांत येत नाही, कारण ती रोजचीच आहे.

मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या दुकानापुढं एक बाकडं टाकलं आणि माठ ठेवला. यांना पसंत नव्हतं. म्हणाले, रिकामटेकडे बसतील. बसले ते पुरुष रिकामटेकडे, हे खरं! तेव्हा मी त्यावर खडूनं 'फक्त महिलांसाठी' असं लिहिलं आणि एसटीतल्यासारखा वाद घालायची तयारी ठेवली. दोन आठवड्यांत ते बायकांचं झालं. बाजारादिवशी मागच्या अंगणातलं बाथरूमही उघडं ठेवते. पहिल्यांदा त्या लाजल्या, आता सरळ येतात. धुवायला लागतं, पाणी लागतं, कंटाळाही येतो. विक्री वाढली का, असं पुतण्यानं विचारलं. वही बघितली तर बाजारादिवशीचा गल्ला थोडा वाढलेला दिसतो, पण तो बाकड्यामुळं की सोयाबीनचे पैसे हाती आल्यामुळं, हे कोणतीही हिशेबपद्धत सांगू शकणार नाही.

एका घराच्या अंगणानं बाजार चालत नाही. आपल्या गावाची आता ग्रामपंचायत राहिली नाही, नगरपंचायत झाली आहे. शहरांचे नियम आता आपल्यालाही लागू. पथविक्रेत्यांचा 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्यात विक्रेत्यांची समिती सांगितली आहे. तिच्यात निदान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. पन्नास वर्षांहून जास्त काळ एका जागी भरत आलेला बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, हेही त्यात आहे. आमच्या सासूबाई परकर-पोलक्यात बाजाराला जायच्या, तेव्हा पन्नास वर्षं कधीच होऊन गेली. उद्या कुणी व्यापारी संकुलाचा नकाशा घेऊन आलं आणि बाजार गावाबाहेर न्यायचं म्हणालं, तर हे कलम आपल्याला तोंडपाठ हवं.

संकुल नको असं मी म्हणत नाही. गाळे हवेत, पोरांना धंदा हवा. पण नकाशात आधी मोकळी जागा काढा, मग तिच्या कडेनं गाळे. कडुनिंब, ओटे, पिण्याचं पाणी, आणि बायकांसाठी निराळं, दाराला आतून कडी असलेलं स्वच्छतागृह, ज्याच्या झाडलोटीला पगारी माणूस असेल. त्याचा खर्च गाळ्यांच्या भाड्यात सामायिक म्हणून धरा, जसा मॉलवाले धरतात. यात दान-धर्माचा प्रश्नच नाही, सरळ धंद्याचा खर्च आहे. आपल्या घरचे पुरुष यावर म्हणतील, "भाडं वाढेल." वाढेलच. त्यांना विचारा, हडपसरला लेकीसाठी शालू घ्यायला गेलात तेव्हा त्या बाथरूमचे पैसे शालूच्या किमतीतून कुणी भरले?

अर्ज मी लिहून ठेवला आहे. एक पानी आहे, वर कायद्याचं कलम, खाली चार मागण्या. माळवंवाल्या अकरा जणींनी अंगठे आणि सह्या केल्या आहेत. आपल्या समाजातल्या बायकांच्या सह्या अजून दोनच आहेत, एक माझी आणि दुसरी त्या अनर्थदंड म्हणणाऱ्या मैत्रिणीची. रविवारी स्वाध्यायानंतर कागद घेऊन मी मंदिराच्या ओसरीवर बसणार आहे. पेन आहे, शाई आहे. ज्यांना घरी विचारावं लागतं त्यांनी शनिवारीच विचारून ठेवा.